कर्जत-खोपोलीच्या पावसाळी ट्रेकसाठी बूट, जॅकेट, टॉर्च घेताय? पैसे कुठं घालायचे अन् कुठं नाही, ते आधी वाचा

जून लागला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरांवरून धबधबे पडायला लागतात आणि मोबाईलवर ट्रेकिंगच्या सामानाच्या जाहिराती. वॉटरप्रूफ जॅकेट, हजार लुमेनचा टॉर्च, मिलिटरी ग्रेड घड्याळ, वीस ग्रॅम प्रोटीनचा बार. शनिवारी रात्री ऑर्डर द्यायची आणि पुढच्या रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडायची, असा मुंबई, ठाणे, डोंबिवलीतल्या पोरांचा ठरलेला कार्यक्रम.

सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवरच्या कर्जतला उतरलं की पेठचा कोथळीगड, खांडसवरून भीमाशंकर, कोंदिवड्यावरून कोंढाणे लेणी आणि राजमाची, सांडशीवरून ढाक बहिरी असे एकाहून एक ट्रेक सुरू होतात. दोन स्टेशनं अलीकडे नेरळला उतरलं तर पेब आहे. हे सगळं सह्याद्रीच्या कड्याला अगदी चिकटून असल्यामुळं कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो मुख्यतः चार महिन्यांत. इतक्या पावसात कुठली वस्तू उपयोगी पडते याचा हिशोब हिमालयाच्या हिशोबापेक्षा वेगळा आहे. ऑनलाईन मिळणारं बरंचसं सामान मात्र थंड, बर्फाच्या मुलखाचा विचार करून बनवलेलं असतं. घोळ इथूनच सुरू होतो.

सगळ्यात आधी बूट, बाकीचं नंतर

बजेट दोन हजार असो की दहा हजार, पहिला पैसा बुटावर जायला हवा, आणि तोही सोलवर.

सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट. कोरडा असताना त्याच्यासारखी पकड नाही. ओला झाला की बूट आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो, आणि जुलैपर्यंत त्यावर शेवाळ चढलेलं असतं. अशा वेळी सोलचं रबर किती मऊ आहे यावर सगळं अवलंबून असतं. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचांत दाबलं जातं आणि धरून ठेवतं. कडक प्लास्टिकसारखा सोल नुसता वरून सरकतो. दुकानात सोलवर नख दाबून बघा. थोडं रुतलं आणि रबर परत फुगून आलं, तर बरं लक्षण. नखाचा टकटक आवाज आला तर बूट कितीही दणकट दिसो, तो ठेवून द्या. मऊ सोल लवकर झिजतो, हा त्याचा तोटा. पण झिजलेला सोल बदलता येतो, मोडलेला घोटा तीन महिने प्लास्टरमध्ये राहतो.

महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींत या बाबतीत एक नाव वर्षानुवर्षं चालत आलंय, ते म्हणजे ॲक्शन ट्रेकिंग. शाळेच्या काळ्या-पांढऱ्या बुटांसाठी घराघरांत माहीत असलेल्या ॲक्शन कंपनीचाच हा बूट. दिसायला अगदीच साधा, पण ओल्या दगडावर धरतो आणि खिशाला परवडतो, एवढ्या दोन गुणांवर तो टिकून राहिला. दुसरा पर्याय म्हणजे डिकॅथलॉन. १९७६ साली फ्रान्सच्या लील शहराजवळ सुरू झालेली ही कंपनी २००९ मध्ये भारतात आली आणि तिच्या केशुआ ब्रँडनं इथल्या पोरांच्या सॅकपासून बुटांपर्यंत सगळं बदलून टाकलं. केशुआचे बूट आरामाला उत्तम. पण नवा बूट कुठल्याही कंपनीचा असो, थेट कोथळीगडाच्या आतल्या कोरीव पायऱ्यांवर त्याची परीक्षा घेऊ नका. आधी दोन-तीन ओल्या टेकड्या चढून बघा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घ्यावा असं कुणालाही वाटेल. पण कर्जतच्या वाटांवर दर अर्ध्या तासाला ओढा ओलांडावा लागतो. पाणी घोट्याच्या वर आलं की ते बुटात वरून शिरतं, आणि वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही. मग दिवसभर दोन बादल्या पायात घेऊन चालायचं. त्यापेक्षा जाळीचा साधा बूट चांगला. भिजतो, पण चार पावलांत पाणी टाकून देतो. वॉटरप्रूफ बुटाचे जादाचे दोन हजार वाचवून त्यात पॉलिस्टर किंवा लोकरमिश्रित मोज्यांचे दोन जोड घेतले तर पाय जास्त सुखात राहतील.

अजून एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. दोन-तीन वर्षं कपाटात ठेवलेला महागडा बूट पावसाळ्यात बाहेर काढला आणि अर्ध्या वाटेत त्याचा सोल गळून पडला, हे अनेकांच्या बाबतीत घडतं. बऱ्याच बुटांत पायाखालचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणानं तो आतल्या आत कुजतो. वापरात नसलेल्या बुटाचंही असं होतं. म्हणून सेलमध्ये मिळणारा जुन्या स्टॉकचा बूट घेताना तो वाकवून बघावा आणि सॅकमध्ये दोन हात सुतळी ठेवावी. सोल बांधायला तिच्याइतकं स्वस्त गॅजेट अजून निघालेलं नाही.

आणि शेवाळावर कुठलाच सोल चालत नाही. धबधब्याच्या तोंडाशी जाऊन रील काढताना पाच हजारांचा बूट आणि दोनशेची चप्पल एकाच वेगानं घसरतात. याच कारणामुळं कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या धबधबे आणि धरणांवर पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश बघणं हे सामान बघण्याइतकंच गरजेचं आहे.

महाग जॅकेटच्या आत माणूस ओलाच का?

जॅकेटच्या लेबलवर २,००० मिलिमीटर, ५,००० मिलिमीटर, १०,००० मिलिमीटर असे आकडे असतात. त्याचा अर्थ असा की, त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी तोवर पाणी आरपार येत नाही. आकडा मोठा तेवढं चांगलं, हे खरं. पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबले जातात तिथं आणि शिवणीतून पाणी आधी शिरतं. म्हणून आकड्याआधी जॅकेट उलटं करून शिवणीवर आतून टेप मारलीय का ते बघावं.

खरी गंमत पुढं आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणली आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. गोर-टेक्स तो हाच. बाहेरचा पाण्याचा थेंब आत येत नाही आणि अंगातली वाफ बाहेर जाते, ही त्याची जादू. मात्र वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. युरोपच्या डोंगरात ती असते. जुलैमध्ये कर्जतच्या जंगलात हवा आधीच वाफेनं भरलेली असते. चढावर घाम फुटतो, वाफ आतच अडकते आणि तासाभरात माणूस आतून भिजतो. आठ हजारांचं जॅकेट इथं हरतं, ते खराब आहे म्हणून हरतं असं नाही, हवाच तशी आहे.

याच डोंगराखालच्या भातखाचरात लावणी करणाऱ्या माणसांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पानं भरून केलेलं इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं. पुढची बाजू उघडी, हात मोकळे, वारा खेळता, त्यामुळं पाऊसही लागत नाही आणि घामही साचत नाही. पुढं पानांची जागा प्लास्टिकनं घेतली. ट्रेकला इरलं घेऊन कुणी जाणार नाही, पण त्यामागची युक्ती घेता येते. अंगाला चिकटणाऱ्या जॅकेटपेक्षा सॅकसकट झाकणारा सैल पोंचो, आणि झाडीतल्या सपाट वाटेवर सरळ एक मजबूत छत्री. कड्यावर वारा असेल तिथं दोन्ही मिटून ठेवायचे आणि भिजायचं.

भिजायचंच आहे तर काय घालून भिजायचं, याला महत्त्व येतं. जीन्स तर अजिबात नको. कापसाचा धागा हवेतूनच आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भिजलेली जीन्स जड होते, गुडघ्याला अडते आणि मांड्या सोलते. बाजारात मिळणारी पॉलिस्टरची साधी ट्रॅक पँट आणि खेळाचा टी-शर्ट पुरेसा होतो, त्यावर मोठ्या ब्रँडचं नाव असलंच पाहिजे असं नाही. कोरडा जोड मात्र सॅकमध्ये हवाच. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून ओघळणारं पाणी अडवत नाही, म्हणून आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरायचं. रेनकव्हर नसलं तरी मग चालतं.

टॉर्च: बुटानंतर दुसरा नंबर याचा

ढग उतरले की पावसाळ्यात साडेपाचलाच झाडीत अंधार होतो. वाट चुकली, एखाद्याचा पाय मुरगळला, की खांडसच्या शिडी घाटातून उतरताना रात्र पडलीच समजा. मोबाईलचा टॉर्च हातात धरला की एक हात गेला, आणि शिड्यांवर दोन्ही हात लागतात. म्हणून डोक्याला लावायचा हेडटॉर्च.

यात हजार-दोन हजार लुमेनच्या दाव्यांना भुलू नका. चालायला दीडशे-दोनशे लुमेन भरपूर. पाकिटावर 'चाळीस तास चालतो' असं लिहिलेलं असतं, पण प्रचलित प्रमाणपद्धतीत उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे शेवटचे कित्येक तास तो नुसता मिणमिणत असतो. धुक्यात डोक्यावरचा उजेड उलट डोळ्यांवर येतो, तेव्हा टॉर्च काढून कमरेजवळ धरायचा, वाट दिसते. मेच्या शेवटी राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी लाल उजेडाची सोय असलेला घ्यावा. पांढऱ्या झोतानं काजवेही बिथरतात आणि शेजारचा माणूसही.

पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी चालेल, आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास चालेल. फोनलाही हेच आकडे असतात, पण ती चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. एकदा पडून कडा उघडलेल्या फोनला ते लागू नाही. झिपलॉकची पिशवी पन्नास रुपयांत काम करते. पॉवरबँकच्या १०,००० एमएएचपैकी फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच पोचतात, कारण आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो आणि फोनला पाच व्होल्टनं द्यावं लागतं. बीआयएसचा नोंदणी क्रमांक नसलेला पॉवरबँक स्वस्त पडला तरी घेऊ नये.

आणि एक शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा. डोंगरात मदत मागण्याचा हा जगभरचा संकेत. रेंज गेलेल्या घळीत फोन मुका होतो, शिट्टी होत नाही.

हे सगळं का, तर इथं मदत गाडीनं येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. मदतीला गेलेल्या प्रत्येकाला अंधारात, पावसात पायवाट चढावी लागली आणि मोठी यंत्रं वर नेताच आली नाहीत. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाट चुकलेल्या ट्रेकरला शोधायलाही असेच कुणीतरी चालत चढतात. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची पोरं असतात, वाडीतली ठाकूर-कातकरी माणसं असतात. आठ हजारांच्या जॅकेटऐवजी वाडीतला एक वाटाड्या सोबत घेतला, तर वाट चुकण्याचा प्रश्नच बराचसा मिटतो.

प्रोटीन बार की चिक्की?

शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रोटीन असतं. निम्मा गूळ धरला तरी चिक्कीत बारा-तेरा ग्रॅम येतं आणि वर पाचशेच्या आसपास कॅलरी. ट्रेकला लागते ती ऊर्जा, आणि ती गुळातून लगेच मिळते. प्रोटीन बार वाईट नाही, फक्त त्याची जागा जिमनंतर आहे.

ओआरएसचं तेवढं नीट बघा. टेट्रापॅकमधली गोड पेयं बरीच वर्षं हे नाव लावून खपत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. मेडिकलमधली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी घ्यायची आणि ती एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. अर्ध्या बाटलीत अर्धी पुडी असं अंदाजपंचे करायचं नाही.

परतीला कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा आहेच. घाट चढण्याआधी मागून रेटणारी इंजिनं जोडायला गाड्या इथं थांबायच्या, त्या थांब्यावरच हा वडा मोठा झाला. घरी पोचल्यावर बूट उन्हात किंवा हिटरसमोर ठेवू नका, डिंक सुटतो. आतला तळवा काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी ते बदला. पुढच्या रविवारपर्यंत बूट तयार होतो.