आधी चिठ्ठ्या की आधी बोलणं?

पणदऱ्याच्या आमच्या गटानं मोबाइलवर दहा मिनिटांची फिल्म करायचं ठरवलं. विषय लगेच ठरला: बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तो. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच, तरी सही होतेच. अडलो ते पटकथा लिहिताना.

पटकथेत जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. 'तिला फार वाईट वाटलं' हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. भाऊ कागद पुढं सरकवतो, ती पेन हातात घेते, पण टोपण काढत नाही, हे टिपता येतं. 'सैराट' (२०१६) आठवा. नागराज मंजुळे जेऊरचे, म्हणजे इंदापूरकरांना उजनीपलीकडचे. त्या सिनेमात अगदी शेवटी शब्द नाहीत, लहानग्याची पावलं तेवढी उमटतात.

आम्ही आधी आराखडा केला. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक प्रसंग: जागा कुठली, दिवस की रात्र, कोण कोण आहे, आणि प्रसंग संपेपर्यंत काय बदललं. चिठ्ठ्या सतरंजीवर मांडून पुढंमागं करायच्या. चौदातल्या पाच काढल्या, कारण त्यांत काही बदलतच नव्हतं. नुसताच चहा होत होता! लिहिलेलं एक पान साधारण एक मिनिट चालतं, हा हिशेबही इथं उपयोगी पडला.

पण या पद्धतीत शेवट आधी ठरवावा लागतो. काहीजणी म्हणाल्या, तिनं कागद फाडावा. तेव्हा एक आक्का हळूच म्हणाल्या, "मी सही केलीय. फाडला असता तर भाऊ दिवाळीला न्यायला आला असता का?" शेवटची चिठ्ठी कोरीच राहिली.

मग दुसरी वाट धरली: आधी बोलायचं, मग लिहायचं. इंग्लंडचे दिग्दर्शक माईक ली असंच करतात. नटांबरोबर प्रसंग घडवत जातात आणि त्यातून पटकथा तयार होते. आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावे तर मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतल्या बायकांचा अभ्यास करता करता त्या सिनेमाकडं वळल्या आणि १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला.

आमच्यातली एक खांद्यावर टॉवेल टाकून भाऊ झाली, दुसरी बहीण. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. भाऊ म्हणाला, "तुला सासरी काय कमी आहे?" बहीण म्हणाली, "वहिनीनं तिच्या माहेरी सही केली का?" भाऊ गप्प. टॉवेलवालीला खरंच उत्तर सुचेना. हा प्रश्न एकाही चिठ्ठीवर नव्हता.

अर्थात बोलणं पसरतं फार. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून दोन पानं हाती लागली, बाकी सगळं वहिनीच्या तक्रारी. म्हणून आमचं मत असं: आधी चिठ्ठ्या मांडाव्यात, शेवटची कोरी ठेवावी, आणि जिथं अडेल तिथं उठून बोलून बघावं.

आणि गोष्ट आपल्यातलीच असेल तर तिची परवानगी घ्यावी. आम्ही गाव बदललं, भावंडांची संख्या बदलली आणि कच्चा खर्डा सगळ्यांत आधी आक्कांना वाचून दाखवला. एक वाक्य काढा म्हणाल्या; काढलं, आणि इथंही सांगत नाही. पेनाचं टोपण मात्र राहू द्या म्हणाल्या.