एका चिपेपायी

पावसाळ्यात वाळवंटी नदी चढली, की साखळीच्या बाजारपेठेत साचणारे पाणी पंपांनी उपसून नदीत सोडावे लागते. असा एखादा पंप बंद पडला, तर आपले लक्ष प्रथम मोटारीकडे जाते. परंतु हल्ली मोटार धडधाकट असूनही तिला चालविणारे सर्किट बोर्ड निकामी झालेले असू शकते. आणि ते बोर्ड पुन्हा मिळेलच, असा भरवसा नसतो. असे का व्हावे?

बोर्डावरील रोधक, धारित्र, डायोड हे भाग अनेक कारखाने तयार करतात. अडते ते बहुधा एखाद्या चिपेपाशी. मागणी घटली, की कारखानदार तिचे उत्पादन थांबवितो. झायलॉग कंपनीची १९७६ साली निघालेली झेड-८० ही चिप सुमारे ४८ वर्षे टिकली. २०२४ साली जूनपर्यंत शेवटच्या मागण्या नोंदवून कंपनीने मूळ चिप बंद केली. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८० नंतरच्या दशकात काढलेला डीबी स्पेक्ट्रम हा गृहसंगणक याच चिपेच्या घराण्यातला. झेड-८० इतर कंपन्याही करीत, म्हणून ती मिळत राहिली. मात्र फेरांती कंपनीने खास स्पेक्ट्रमसाठी घडविलेली दुसरी चिप संगणकाबरोबरच मागे पडली. सर्वांसाठी घडविलेला भाग अशा रीतीने अधिक काळ मिळतो.

यावर उपाय तीन. शेवटच्या मागणीच्या वेळी पुढील वर्षांचा साठा करावा. मात्र आपल्या दमट हवेत चिपांचे धातूचे पाय खराब होतात, म्हणून तो कोरड्या, बंद वेष्टनात ठेवावा. दुसरा उपाय म्हणजे पायांची मांडणी व काम तेच असणारी चिप शोधणे. तेथे जुनी चिप पुसून नवे नाव छापणाऱ्यांपासून सावध राहावे लागते. तिसरा, बोर्ड नव्याने रचणे. तो टिकाऊ खरा, पण खर्चाचा. आणि त्यासाठी मूळ आराखडा हाती असल्यास काम पुष्कळ सोपे होते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कित्येक चिपांच्या पोटात कारखानदाराने लिहिलेला प्रोग्राम असतो. तशीच कोरी चिप आणून बसविली, तरी प्रोग्रामवाचून यंत्र हलत नाही.

तेव्हा नगरपालिका असो वा कुळागराचा मालक, यंत्र घेतानाच सर्किटाचा आराखडा, प्रोग्रामची प्रत आणि निदान एक जादा बोर्ड मागावे. विक्रेत्याला माल खपवायचा असतो, तेव्हाच अशा मागणीला वजन असते. पाणी दुकानाच्या पायरीला लागल्यावर ते राहत नाही.