जुळं येणार? बेत करा, पण हट्ट नको!

सोनोग्राफीत ‘दोन आहेत’ असं कळलं, की घरात बेतांना नुसता ऊत येतो. सातव्यात ओटीभरण, मग माहेर, तिथल्याच ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे बाळंतपण! बेत जरूर करा. पण जुळ्यांना आपलं पंचांग ठाऊक नसतं. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्याआधीच जन्मतात. तेव्हा माहेरी जायचंच, तर डॉक्टरांना विचारून लवकर जा आणि तपासण्यांचे सगळे कागद बरोबर न्या. नाव घालायचं ते अशा रुग्णालयात, जिथे भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. माहेरच्या गावी हे नसेल, तर आईलाच आपल्याकडे बोलवा. त्यात कमीपणा कसला?

‘नॉर्मलच हवं’ किंवा ‘सिझेरियनच करा’ असं धरून बसू नका. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल आणि बाकी सारं ठीक असेल, तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. पण पहिलं जन्मल्यावर दुसरं कधी आडवं होतं, मग ऐनवेळी शस्त्रक्रियाही करावी लागते. हे यजमानांना आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी घोळ होणार नाही.

सातवा लागला की पिशवी भरून ठेवा. कळा आल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तडक रुग्णालय गाठा.

बाळं काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, तरी तुमचं काढलेलं दूध बहुधा त्यांना देता येतं. बारसं महिनाभर पुढे गेलं, तर गेलं!