एका फेरीत एक रेणू

इनोव्हा क्रिस्टाच्या सोळा इंची चाकावरचा टायर एक किलोमीटर जाताना साधारण ४७३ वेळा फिरतो. हिशेब सोपा आहे. टायरचा व्यास ६७ सेंटिमीटर, परीघ दोन मीटरच्या थोडा वर. आता हा टायर ५० हजार किलोमीटर चालला असं धरू. किती फेऱ्या झाल्या? दोन कोटी छत्तीस लाख! एवढ्या फेऱ्या मारून त्याच्या नक्षीची खोली आठ मिलिमीटरवरून १.६ मिलिमीटरवर आली. म्हणजे झिजलं ६.४ मिलिमीटर रबर. करा भागाकार. एका फेरीला ०.२७ नॅनोमीटर.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाण्याचा एक रेणू जवळपास ०.२७ नॅनोमीटरचाच असतो. आठ माणसं, त्यांच्या पिशव्या आणि वर लोखंडाचा गाडा असं सगळं ओझं घेऊन, मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावरून एक पूर्ण फेरी मारायची आणि झिजायचं किती, तर सरासरी एका रेणूच्या जाडीइतकं! माणसाचं नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. ताशी शंभरच्या वेगात टायर सेकंदाला तेरा फेऱ्या मारतो आणि साडेतीन नॅनोमीटर झिजतो. तुमचं नख ज्या वेगाने वाढतं, त्याच्या फार तर तिप्पट-चौपट. प्रत्यक्षात रबर असं पापुद्र्यापापुद्र्याने उतरत नाही, बारीक भुग्याच्या रूपात सुटतं. पण सरासरी हीच. (एका टायरमागे दीड-पावणेदोन किलो रबर असं हळूहळू रस्त्यावर, नाल्यांत, काळ्या रानात मिसळून जातं. तो वेगळा आणि जरा काळजीचाच विषय.)

परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, कुठल्याही टायरच्या दुकानात एमएच २२ची बोलेरो किंवा इनोव्हा उभी राहिली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘जास्त चालणारा टायर दाखवा.’ मागणी रास्तच आहे. पण टायर ‘चालतो’ म्हणजे त्याच्यात नेमकं काय होतं, हे पाहिलं तर निवड बरीच बदलते.

आधी रबर. केरळातल्या, आणि आता आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गातल्याही बागांत झाडाला चीर देऊन जो पांढरा चीक काढतात, त्याचं नुसतं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या माणसाला उलगडा झाला की रबरात गंधक घालून तापवलं तर हा चंचलपणा जातो. लांबच लांब रेणूंच्या माळा गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधल्या जातात. ताणलं तर लांबतात, सोडलं तर जागेवर येतात.

तरी गोष्ट अर्धीच झाली होती. सुरुवातीचे मोटारींचे टायर पांढरट असत, हे ठाऊक होतं? ते लवकर झिजायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात कार्बन ब्लॅक मिसळायला लागले आणि टायर काळा झाला. कार्बन ब्लॅक म्हणजे काय? काजळ! तेल अर्धवट जाळून धरलेली काजळी. तिचे कण इतके सूक्ष्म की रबराच्या माळा त्यांना सगळ्या बाजूंनी चिकटून बसतात आणि तुटायला राजी होत नाहीत. झीज कित्येक पटींनी कमी झाली. आज टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागात वजनाने जवळपास पाव हिस्सा अशी काजळी किंवा सिलिका असते. फेरीला एक रेणू, हा चमत्कार तिचा.

आता हे रबर घासतं कशावर, तेही बघा. मराठवाड्याच्या रस्त्यांतली खडी म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. कठीण आणि खरखरीत. ब्रेक लागतो तो या खरखरीमुळे, आणि टायर झिजतो तोही तिच्यामुळेच. त्यामुळे ‘अजिबात न झिजणारा टायर’ मागणं म्हणजे न थांबणारी गाडी मागण्यासारखं आहे. रबर कडक केलं तर ते जास्त किलोमीटर देतं, पण ओल्या रस्त्यावरची पकड सुटू लागते. मऊ केलं तर पकड वाढते, आयुष्य घटतं. १९९२च्या सुमारास मिशलॅं कंपनीने काजळीऐवजी बराच सिलिका वापरून ही ओढाताण थोडी सैल केली, पण ती संपलेली नाही. जुलैत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी मानवत-पाथरी रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल आणून ठेवलेला असतो आणि वरून भुरभूर चालू असते. तिथे फक्त ‘किलोमीटर’ बघून घेतलेला कडक टायर काय करेल, हे वेगळं सांगायला नको.

पण थांबा. गाडीचं वजन कोण उचलतं? रबर? नाही. हवा.

हे पटायला अवघड जातं, म्हणून आकडे मांडू. भरलेली इनोव्हा साधारण २,४०० किलो. चार चाकांवर प्रत्येकी ६०० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. ६०० भागिले २.३, आले २६० चौरस सेंटिमीटर. सोळा सेंटिमीटर लांब, सोळा रुंद एवढा तुकडा! चारही टायर मिळून जेवढी जागा जमिनीला टेकते, ती दोन ए-फोर कागदांपेक्षा कमी. आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर तेवढ्या जागेवर, तेही ताशी शंभरने, आणि मधे फक्त कोंडलेली हवा.

आता हवा ३३ ऐवजी २७ ठेवली तर? वजन तेच आहे, म्हणजे हवेला ते पेलायला जास्त जागा लागणार. टेकणारा तुकडा सोळाऐवजी वीस सेंटिमीटर लांब होतो. तेवढा टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, त्याची बाजूची भिंत जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. सेकंदाला तेरा वेळा. रबराची खोड अशी की दाबायला जेवढी ऊर्जा लागली, तेवढी ते परत देत नाही. थोडी स्वतःकडे ठेवून घेतं, उष्णता म्हणून. गाडी शंभर किलोमीटर जाऊन आल्यावर टायरला हात लावा, तो उन्हाने जितका तापलाय त्याहून आतून जास्त तापलेला असतो.

आणि इथेच आपल्याकडचा एक जुना, मायेने दिलेला, पण उलटा सल्ला येतो. ‘उन्हाळा आहे, हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल.’ ऐकायला किती बरोबर वाटतं! परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, डांबर साठ अंशांच्या पुढे, हवा तापून फुगणार, टायर फुटणार. प्रत्यक्षात तीस अंशांवर भरलेली ३३ची हवा टायर पंचावन्न अंशांवर गेला की ३७च्या आसपास जाते. हे चार पॉइंट टायर बनवणाऱ्याने हिशेबात धरलेलेच असतात. टायरचा जीव घेते ती कमी हवा, कारण कमी हवेने भिंत जास्त वाकते, वाकण्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने रबर व पोलादी तारा यांची पकड सुटू लागते. जालन्याला समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२०ने नागपूरकडे निघालेल्या भरल्या गाडीसाठी कमी हवेइतका धोकादायक उपाय दुसरा नसेल. परिवहन विभागाने २०२३मध्ये तिथे टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवल्या, ते बरंच झालं. पण कमी हवा नुसत्या नजरेला दिसत नाही. ती गेजनेच कळते, आणि सकाळी, गाडी थंड असताना. किती भरायची, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा तुमच्यासाठी नसतो, ती कमाल मर्यादा असते. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि तो फुकट मिळतो.

यापुढचं आश्चर्य माझं सगळ्यात आवडतं. समजा खड्ड्यात आदळून चाकाची दिशा किंचित बिघडली. किती? रिमच्या पुढच्या-मागच्या कडेत फक्त एक मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसणारही नाही. पण मग चाक जातं एका दिशेला आणि गाडी दुसऱ्या. गाडी किलोमीटरभर पुढे जाताना तो टायर सुमारे अडीच मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये? जवळपास पंचवीस किलोमीटर आडवी फरफट! एक रेणू-एक रेणूचा सगळा हिशेब तिथे मातीत जातो आणि टायर एका कडेने करवतीसारखा होतो.

परभणीत हे जास्त का होतं, याचं उत्तर जमिनीत आहे. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातली विशिष्ट चिकणमाती थरांमध्ये पाणी धरते, म्हणून हे होतं. त्यावर बांधलेला रस्ता वर्षानुवर्षं खालीवर होत राहतो, कडा खचतात, लाटा उठतात. त्यामुळे इथे अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, पाच-सहा हजार किलोमीटरला तपासावी आणि मोठा खड्डा बसला तर वाट न बघता.

इतकं सगळं झिजण्याबद्दल. पण आता एक साधा प्रश्न. तुमची गाडी वर्षाला चालते किती?

नोकरी गावातच, शेत पंधरा किलोमीटरवर, वर्षातून एकदा पंढरपूर, दोन-चार लग्नं, दवाखान्यासाठी संभाजीनगरच्या काही फेऱ्या. अशा घरच्या गाडीची धाव वर्षाला सात हजार किलोमीटर धरा. ५० हजार किलोमीटरचा टायर झिजायला सात वर्षं लागतील. ८० हजारवाला घेतला तर अकरा. तो अकरा वर्षं जगेल का? नाही, कारण त्याआधी तो म्हातारा होईल. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या माळा तोडत असतात, आणि उष्णता त्यांना मदत करते. टायर बनवतानाच त्यात मेण आणि संरक्षक रसायनं मिसळलेली असतात. ती आतून हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि स्वतः झिजून रबर वाचवतात. टायरच्या भिंतीवर कधीकधी तपकिरी झाक दिसते ना? ती मळ नव्हे, हेच रसायन. गंमत म्हणजे टायर फिरत असला, वाकत असला की हे संरक्षण नीट वर येत राहतं. उन्हात महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टायरला बारीक भेगा पडतात त्या म्हणूनच. नक्षी नव्यासारखी, टायर मात्र म्हातारा.

म्हणून दुकानात गेल्यावर मी सगळ्यात आधी ब्रँड बघत नाही, भिंतीवरचे लांबट चौकटीतले चार आकडे बघतो. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायरचा कारखाना इथून जवळपास दोनशे किलोमीटरवर वाळूजमध्ये असला तरी दुकानातला टायर गोदामात किती दिवस पडून होता, हे फक्त हे चार आकडे सांगतात. वर्षापेक्षा जुना टायर देत असतील, तर दुसरा मागा. सवलत देतो म्हणाले, तरी मागा.

दुसरा आकडा भाराचा. २०५/६५ आर १६ असं माप लिहून पुढे ९५ असेल, तर तो टायर ६९० किलो पेलतो. ९१ आकड्याचा टायर पेलतो ६१५. कमी आकड्याचा टायर भरल्या जड गाडीला कमी पडतो. कंपनीने दिलेल्या भाराच्या आकड्यापेक्षा खाली कधीच जाऊ नका. काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून ३००, ४००, ५०० असेही आकडे असतात. त्यांची कसोटी टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या रस्त्यांवर, तुलनेच्या प्रमाण टायरसोबत ताफ्यात ११,६०० किलोमीटर गाड्या पळवून ठरलेली आहे. कल्पना छान आहे, पण ती एकाच कंपनीचे दोन टायर शेजारी ठेवून बघायला वापरावी. तिला किलोमीटरने गुणू नये.

शेतात गाडी घालणाऱ्यांना जाड नक्षीच्या बटन टायरचा मोह होतो. तूर, कापूस निघाल्यावरची धसकटं टायरच्या भिंतीत घुसतात आणि भिंतीची जखम पंक्चरवाल्याकडेही नीट बुजत नाही. पण वर्षातले दहा दिवस धसकटांचे आणि बाकीचे डांबराचे असतील, तर बटन टायरचा आवाज, वजन आणि डिझेल तुम्ही वर्षभर भरत राहाल. त्यापेक्षा गाडी बांधाला लावा आणि चालत जा.

तर परभणीच्या जड घरच्या गाडीसाठी माझं मत असं. मूळ मापाचा, भाराचा आकडा पुरा असलेला, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला, यंदाचा टायर घ्या. धाव वर्षाला पंधरा हजारांच्या वर असेल तरच किलोमीटरसाठी जादा पैसे मोजा, नाहीतर तेच पैसे चांगल्या गेजवर आणि अलाइनमेंटवर खर्च करा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, उतरवाच. आणि चार टायर बदलताना डिकीतल्या किंवा गाडीखाली लटकलेल्या स्टेपनीवरची तारीखही वाचा. ती एक किलोमीटरही धावलेली नसली, तरी गाडीइतक्याच वयाची असते.