लोणारच्या खाराची दोनशे वर्षं

मेहकरकडून येताना सुलतानपूर मागे पडलं की लोणार जवळ आलं. पाहुणा विचारतो तो इथलं विवर पाडणाऱ्या उल्केबद्दल. विवरातल्या सरोवराच्या पाण्याची चौकशी फारसं कोणी करत नाही, आणि माझ्या मते या विवराची अधिक मोठी गोष्ट पाण्यातच आहे.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं बहुतेकांनी ते ज्वालामुखीचं मुख मानलं. १९७३ मध्ये धडकेने बनलेली मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि उल्केवर शिक्कामोर्तब झालं. गावाला मात्र खार आधीपासून ठाऊक होता. उन्हाळ्यात काठावर बसणारा सोडा गोळा करून विकत. या मुलखात काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो, हे 'ऐन-इ-अकबरी'तही आहे.

हा खार आला कुठून? पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्ल होतं. ते आम्ल काळा बेसाल्ट झिजवतं. सोडियम, कॅल्शियम सुटतात, आम्लाचं बायकार्बोनेट होतं. विवरातल्या पाण्याला बाहेर वाट नाही. ऊन पाणी आटवतं, कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाला बसतं, सोडियम पाण्यातच राहतं. हजारो वर्षं हेच चालत आल्याने पाण्याचा सामू (पीएच) साडेदहाच्या आसपास गेला.

तुलनेला समुद्र घ्या. त्याचा सामू सुमारे ८.१. तिथे विरघळलेला कार्बन बहुतांश बायकार्बोनेटच्या रूपात असतो, लोणारला कार्बोनेटचा वरचष्मा. कारखानदारीच्या आधी समुद्र ८.२ वर होता. फरक दिसायला एक दशांश, पण त्यात हायड्रोजन आयन पाव हिश्श्याने वाढले आणि शिंपल्यांना कवच बांधणं जड जाऊ लागलं.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पाणी घटलं, क्षार वाढले, हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे कारण सांगितलं. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं.

गुलाबी रंगाची बातमी झाली, सामूची होत नाही. विवराच्या कडेच्या धार या झऱ्याचं गोडं पाणी सरोवरात अखंड पडतं, पाऊस कमीजास्त होतो, आणि त्यासरशी खार दाट-पातळ होतो. वनखात्याच्या परवानगीने सुलतानपूरच्या शाळांनी दर मे महिन्यात आणि दिवाळीनंतर एकेक नमुना घ्यावा, सामू मोजावा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावा. यंदाच्या मेपासूनच सुरुवात करा.