खूण नसलेले रिव्हॉल्व्हरचे म्यान कसे ओळखावे?

जुन्या घराच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात किंवा बाजारातील जुन्या सामानाच्या ढिगात कधी कधी एक कातडी वस्तू हाती येते. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, वर झाकण आणि मागे कमरेचा पट्टा ओवायला जागा. कोणी तिला दुर्बिणीचे घर म्हणतो, कोणी कोयत्याचे म्यान म्हणतो. एखादा जाणकार पाहतो आणि सांगतो, "अहो, हे तर होल्स्टर, रिव्हॉल्व्हर ठेवण्याचे म्यान!" मग उलटसुलट करून पाहावे, तर कारखान्याचे नाव नाही, साल नाही, सरकारी शिक्का नाही. आता ते कोणत्या शस्त्राचे आणि किती जुने, हे ठरवायचे कसे? त्याचाच आज विचार करू.

शिक्का नाही म्हणजे वस्तू खोटी, असे मुळीच नाही. ब्रिटिश अमदानीत सरकारी मालावर बाणाची खूण मारीत. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाबरोबर इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असे. कानपूरच्या सरकारी खोगीर कारखान्यात लष्करासाठी कातडी सामान तयार होई. पण त्या काळचे ब्रिटिश अधिकारी आपला गणवेश, पट्टा आणि पुष्कळदा रिव्हॉल्व्हरदेखील स्वतःच्या पैशाने विकत घेत. खाजगी कारागिराने शिवलेल्या म्यानावर सरकारी खूण येणार कोठून? शिवाय कातड्यावरचा ठसा घासून आणि पॉलिश चढून बुजतो, तो वेगळाच. उलट बाजूही ध्यानात ठेवा. नवा ठसा मारायला एक हातोडी पुरते. म्हणून खूण असो वा नसो, वस्तूच नीट पाहिली पाहिजे.

पाहण्यापूर्वी एक सावधगिरी. काही म्यानांना जादा काडतुसे ठेवण्यासाठी कप्पा किंवा कातडी कड्या असतात. त्यात जुने काडतूस अडकलेले दिसले, किंवा म्यानात शस्त्रच निघाले, तर हात न लावता पोलीस ठाण्यास कळवावे. रिकामे म्यान हे शस्त्र नव्हे. पण शस्त्र आणि काडतुसे यांना १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे.

आता आकार पाहा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या गोल नळकांड्यात असतात, म्हणून त्याच्या म्यानाला मध्यभागी फुगवटा येतो. सपाट स्वयंचलित पिस्तुलाच्या म्यानाला तसा फुगवटा नसतो. त्याच्या बाजूला बहुधा जादा गोळ्यांच्या पेटीसाठी लांबट कप्पा असतो. मग फुगवट्यापासून टोकापर्यंतची लांबी मोजा. आपल्याकडे ब्रिटिश सैन्यामुळे वेब्ली जातीची रिव्हॉल्व्हरे पुष्कळ आली. १८८७ साली स्वीकारलेल्या पहिल्या नमुन्याची नळी चार इंचांची, तर १९१५ च्या सहाव्या नमुन्याची सहा इंचांची होती. १९३२ च्या एन्फील्ड रिव्हॉल्व्हरची नळी पाच इंचांची. म्हणजे एका फूटपट्टीने निम्मे काम होते! मात्र कारागीर थोडी सैल जागा ठेवतो आणि एकाच म्यानात दोन-तीन जातींची शस्त्रे बसू शकतात. तेव्हा "याच्याशी जुळते" एवढेच म्हणावे; "याचेच आहे" असे म्हणू नये.

मागची पट्ट्याची जागाही मोजावी. सॅम ब्राउन हा ब्रिटिश अधिकारी १८५८ साली पिलिभीतजवळच्या लढाईत डावा हात गमावून बसला. एका हाताने तलवार आणि पिस्तूल सांभाळता यावे म्हणून त्याने खांद्यावरून आधार घेणारा रुंद पट्टा योजला. तोच पुढे अधिकाऱ्यांच्या गणवेशात रूढ झाला. या पट्ट्याची रुंदी सुमारे सव्वादोन इंच. म्यानाची मागची जागा तेवढी असेल, तर ते अधिकाऱ्याच्या पट्ट्याला लावण्यासाठी केले असावे, असा कयास बांधता येतो.

यानंतर कातडे. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांनी कातडी कमावण्याची आपली जुनी रीत तुम्हांला माहीत आहेच. अशा कातड्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमच्या क्षारांनी कमावण्याची रीत १८८० नंतर अमेरिकेत व्यापारी स्वरूपात आली. त्या कातड्याची कड पुष्कळदा आतून निळसर-करडी दिसते. पण यावरून काय सिद्ध होते? क्रोमचे कातडे असेल तर वस्तू त्यापूर्वीची नाही, एवढेच. सालीने कमावलेले असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती रीत आजही चालू आहे.

शिवण भिंगाखाली धरा. आपला चांभारदादा आरीने भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोके दोन बाजूंनी ओवतो. त्या टाक्यांत किंचित कमीजास्तपणा राहतो. यंत्राचे टाके सारखे पडतात. दोरा गुळगुळीत, चमकणारा नायलॉनचा असेल, तर ती शिवण १९४० च्या आधीची असणे कठीण. मात्र येथे घाई नको. जुन्या वाड्याच्या भिंतीत सिमेंटचा लेप दिसला, म्हणून वाडा कालचा ठरत नाही! सगळी शिवण नव्या दोऱ्याची आहे, की एकाच कोपऱ्यात डागडुजी झाली आहे, ते पाहा.

धातूही बोलका असतो. पितळी गुंडी आणि कातड्याला चीर, ही बंद करण्याची जुनी सोय. टिचबटण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले, आणि क्रोमचा चकचकीत मुलामा १९२० नंतर. गुंडीभोवती हिरवट, मेणासारखा थर साचला असेल, तर तांब्याच्या अंशाचा आणि कातड्यातील तेलाचा संयोग बराच काळ होत आला आहे, असे समजावे.

शेवटी झीज. खरी झीज वापराच्या जागी होते: झाकणाच्या घडीवर, पट्ट्याच्या घाशीत, मांडीकडच्या बाजूला. आत गोल नळकांड्याचा दाब उमटलेला असतो. बाहेर, आत, कोपऱ्यात सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला, तर वस्तू मुद्दाम जुनी केल्याचा संशय घ्यावा.

आता सर्वांत नाजूक प्रश्न, ते कोणाचे? दोन्ही महायुद्धांत सातारा, रत्नागिरी या भागांतून पुष्कळ जवान गेले. घरात म्यान सापडले की, "आजोबांनी लढाईत वापरले" असे सहज म्हटले जाते. पण साध्या शिपायाजवळ रायफल असे. रिव्हॉल्व्हर मुख्यतः अधिकाऱ्यांजवळ आणि मशीनगन चालविणाऱ्यांसारख्या काही खास कामाच्या माणसांजवळ असे. पोलीस अधिकारीही ते बाळगीत, आणि युद्धानंतर कितीतरी लष्करी सामान बाजारात विकले गेले. म्हणून आजोबांचे लष्करी कागद घरात असतील तर ते आधी काढा. त्यातील पलटण आणि हुद्दा म्यानाशी जुळतो का, ते पाहा. नाही जुळला, तर आजोबांचा मान कमी होत नाही. खोटी कथा चिकटविली, तर मात्र त्यांच्या खऱ्या नोकरीची आठवण तिच्याखाली झाकून जाते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या संग्रहात अशी वस्तू आली तर चिठ्ठीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: जे पाहिले, जे ताडले आणि जे ऐकले. उदाहरणार्थ, "पाहिले: सालीने कमावलेले कातडे, हातशिवण, पितळी गुंडी, खूण नाही. ताडले: सहा इंची नळीच्या वेब्लीशी जुळते. ऐकले: आजोबांनी आणले, असे त्यांच्या मुलीने सांगितले." मुलांना पुराव्याचा एवढा सोपा धडा क्वचितच मिळेल.

आणि कृपा करून ते तेलपॉलिश करू नका. टाके, झीज, हिरवा थर हाच तर आपला पुरावा! जुने कातडे तांबूस भुकटी सोडू लागले तर तेलाने ते बरे होत नाही. कोरड्या हाताने मऊ कुंचला फिरवावा, आत धुतलेले पांढरे सुती कापड भरून आकार राखावा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. पावसाळ्यात मधून मधून उघडून बुरशी आली नाही ना, ते बघावे. पुढे एखादा अधिक जाणता माणूस आला, तर त्याला वाचण्यासाठी ते म्यान जसेच्या तसे शिल्लक राहिले पाहिजे.