बैलाला झोपवणाऱ्या गप्पा

आपण गप्पा ‘मारतो’ आणि चकाट्या ‘पिटतो’. नुसत्या बोलण्यात एवढी मारझोड कशाला, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. पुढे पोर्तुगीज शिकू लागलो आणि कळलं, की ही हौस आपली एकट्याची नाही. ब्राझीलमध्ये गप्पांना ‘बाची-पापू’ म्हणतात. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ बडवणं. दुसऱ्याचा अर्थ पक्ष्याच्या गळ्यातली पिशवी, आणि बोलीत गळा. आपण गप्पा मारतो, ते गळा बडवतात, एवढाच फरक.

रिकामटेकड्या बोलण्याला पोर्तुगीजमध्ये ‘कोंव्हेर्सा फियादा’ असं नाव आहे. ‘फियार’ म्हणजे सूत कातणं; त्याच रूपाच्या दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ उधार देणं. त्यामुळे हे बोलणं कातलेलंही वाटतं आणि उधारीचंही. आपण चऱ्हाट वळतो, ते सूत काततात! ब्राझीलच्या दुकानांत ‘उधार फक्त उद्या’ अशी पाटी दिसते. आपल्या ‘आज रोख, उद्या उधार’ची ती सख्खी बहीणच. आणि कुणी थापा मारून वेळ काढू लागला, तर त्याच्या बोलण्याला ‘बैलाला झोप आणणारं बोलणं’ म्हणतात.

पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, पगार दिला. गप्पांचे हे शब्द मात्र मराठीत आले नाहीत. गोव्यात गप्पांची बैठक आली. जुन्या घरांपुढे दगडी बाकांचा जो ‘बल्कांव’ असतो, त्याचं नाव पोर्तुगीज आहे. तिथे रंगतात त्या मात्र आपल्या कोकणी गजाली.

इथवर कुणाचं काही बिघडत नाही. पण जो हजर नाही त्याचा विषय निघाला, की शब्द बदलतात. चुगलीला ‘मेशेरिकू’ म्हणतात. तो ‘मेशेर’, म्हणजे ढवळणं, यावरून आलेला. आपल्याकडे काड्या घालतात, तसाच हा प्रकार. ब्राझीलचा सर्वांत लाडका शब्द ‘फोफॉका’. त्याचं मूळ अनेक अभ्यासक आफ्रिकेतल्या बांटू भाषांत शोधतात. ईशान्य ब्राझीलमध्ये ‘फुशिकू’ हाही शब्द आहे. कापडाचे गोल तुकडे चुण्या घालून शिवलेली फुलं जोडून बायका चादरी आणि पिशव्या करतात. त्या फुलांचं नाव फुशिकू, आणि कुचाळकीचंही तेच!

माझा आक्षेप इथेच आहे. ‘कोमाद्रे’ म्हणजे मुलाची आई आणि धर्ममाता यांचं एकमेकींशी असलेलं नातं. पण म्हण काय सांगते? दोघी कोमाद्रे भांडल्या, की खरं बाहेर पडतं. कुचाळकीचं खापर बायकांच्या माथी मारण्यात सगळ्या भाषा एकजात पटाईत. शिवताना बोलणाऱ्या बायकांनी कुणाचा जीव घेतला असेल, असं मला वाटत नाही.

जीव घेतो तो वेगळा शब्द, ‘बोआतू’, म्हणजे अफवा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बैलाचं डुरकणं. आधी झोपवलेला बैल इथे उठून डुरकतो. मे २०१४ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या ग्वारुजा शहरात, मुलं पळवणारी बाई आल्याची अफवा फेसबुकवरून पसरली. जमावाने एका निरपराध आईला बेदम मारलं. त्यात ती गेली. चार वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तशाच अफवेने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांचा बळी घेतला. समुद्र वेगळा, भाषा वेगळी, अफवा तीच.

कोमाद्रेच्या गप्पांत बोलणारी कोण, हे ठाऊक असतं. तिला उलटून विचारता येतं. अफवेला धनी नसतो. म्हणून गप्पा खुशाल माराव्यात. मात्र ‘म्हणे’ने सुरू होणारी गोष्ट पुढे धाडण्याआधी ‘कोण म्हणे?’ एवढं विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर ती तिथेच थांबवावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)